टाकून दिलेले निरोप

"गाढवा, एकेचाळीस निरोप गिळून बसलास?" मेकॅनिकनं टेबलावरच्या रोबोला फैलावर घेतलं.

जन्मभर लोकांचे टीव्ही आणि रिमोट दुरुस्त करणाऱ्या या माणसानं निवृत्तीनंतर हौसेनं डब्याएवढे दोन रोबो जोडले होते. एक त्याच्या टेबलावर, दुसरा पलीकडच्या खोलीत ताईच्या उशाशी. घशाच्या ऑपरेशननंतर या थोरल्या बहिणीचा आवाज कायमचा गेला होता. तिनं बटण दाबलं की तिचा रोबो, रिमोटसारखाच, डोळ्यांना न दिसणाऱ्या उजेडातून उघड्या दारामार्गे निरोप धाडायचा: पाणी, गोळी किंवा नुसतं 'ये'. निरोपाच्या शेवटी त्यातल्या अक्षरांवरूनच काढलेला, पडताळणीचा एक आकडा असे. तो जुळला की इकडचा रोबो पिपाणी वाजवत गोल फिरे. नाही जुळला तर निरोप मोडका समजून टाकून दे, असं मेकॅनिकनंच त्याला शिकवलं होतं. अर्धवट गोष्टींचा मेकॅनिकला भारी तिटकारा. निरोप पोचल्याची खूण ताईला मिळावी, हे काम मात्र 'बघू पुढे' म्हणत त्यानं स्वतःच अर्धवट ठेवलं होतं.

आज रोबो कॉम्प्युटरला जोडला आणि टाकलेल्या निरोपांची यादी समोर आली. दिवसाला एक, सगळे दुपारी चारच्या सुमाराचे. आत्ताही चारच वाजत होते आणि खिडकीतलं ऊन थेट रोबोच्या डोळ्यावर पडलं होतं. त्या उन्हानं निरोप विस्कटत होता. तरी माणसाला वाचता आला असता. एकूण एक निरोप तोच होता: ये.

या वेळी ताई झोपते, असं तो खुशाल समजून चालला होता.

तो तिच्या खोलीत गेला. ती टक्क जागी होती.

"ताई, रोज बोलावत होतीस?"

तिनं पाटी ओढली. 'तुला काम असेल म्हटलं.'

"अगं, मग भांडं तरी आपटायचंस!"

'तीस वर्षं नर्स होते. एकदाच घंटा वाजवून गप्प राहणारे पेशंट मला फार आवडायचे.'

"पण हवं काय असायचं तुला?"

मग तिनं लिहिलं, 'काही नाही रे. दुपार सरत नाही.'

मेकॅनिकला स्वतःची लाज वाटली. एक आकडा जुळला नाही म्हणून त्यानं बहिणीला एकेचाळीस दुपारी एकटं ठेवलं होतं.

दुसऱ्या दिवशी त्यानं खिडकीला जाड पडदा लावला. ताईच्या रोबोवर हिरवा दिवा बसवला, निरोप पोचला की लागणारा. चार वाजता आपली खुर्ची उचलून तो तिच्या पलंगाशी जाऊन बसला.

"दाब बघू."

तिनं 'ये' दाबलं. हिरवा दिवा लागला. पलीकडच्या खोलीत रोबो पिपाणी वाजवत फिरू लागला. ताईनं दिव्याकडे पाहिलं, शेजारी बसलेल्या भावाकडे पाहिलं आणि पुन्हा बटण दाबलं.

रोबो बोलावत राहिला. खुर्चीतून कुणी उठलं नाही.