पाच-तीन

राजाजीनगरच्या नरसिंहरावांनी आयुष्याची तीस वर्षं छापखान्यात खिळे जुळवण्यात घालवली. कन्नड म्हणा, मराठी म्हणा, लग्नपत्रिका असो की तेराव्याचं कार्ड, त्यांचे डोळे मजकुरावर आणि हात खिळ्यांच्या पेटीत. पेटीला शंभरावर कप्पे, पण कुठलं अक्षर कुठल्या कप्प्यात हे त्यांना बघावं लागत नसे. इंग्रजी तर ते असं जुळवत की बघणाऱ्याला वाटावं, स्वारी मोठी इंग्रजीबाज. खरं सांगायचं तर अर्थाच्या भानगडीत ते कधी पडलेच नाहीत. अक्षरापुढे अक्षर लावायचं, ओळ भरायची, पुढे सरकायचं. अर्थ बघायचा तो प्रूफवाल्याने.

छापखाना केव्हाच बंद झाला. ही सवय मात्र राहिली, आणि म्हातारपणी अशी कामाला आली की येऊ नये.

त्यांचा मुलगा हर्ष एकतिसाव्या वर्षी आजारी पडला. शरीराला हुकूम पोचवणाऱ्या नसाच एकेक करून सुकत जायच्या, असा तो आजार. आधी उजवा हात गेला, मग डावा, मग पाय. गेल्या दसऱ्याला वाचाही गेली. डोकं मात्र लख्ख. उरल्या त्या दोन पापण्या. एकदा मिटली म्हणजे हो, दोनदा म्हणजे नको, एवढी बोली घरात ठरली.

आजाराच्या आधीपासून हर्षला एका खेळाचा नाद होता. चार-पाच जणांनी टेबलाभोवती बसायचं, एकाने गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी त्या गोष्टीतलं एकेक माणूस व्हायचं. लढाई आली की फासे टाकायचे. प्रत्येकाच्या माणसाचं बळ, हत्यारं, सामान यांची यादी पूर्वी कागदावर असे, आता ती टॅबलेटमधल्या एका ॲपवर. गोष्ट सांगायची श्वेता. पुण्याहून नोकरीला आलेली, हर्षच्या ऑफिसातली. हर्षचा माणूस बोम्मा, हातात कुऱ्हाड घेतलेला अगडबंब डोंगरी गडी. हर्ष अंथरुणाला खिळल्यावर श्वेता आणि खेळातले सोबती निहार, मेघाश्री दर रविवारी चार वाजता घरीच येऊ लागले, आणि टॅबलेट नरसिंहरावांच्या मांडीवर आला.

सुरुवातीला त्यांची त्रेधा उडाली. बारीक इंग्रजी, त्यात नावं चमत्कारिक. मग त्यांना आपली पेटी आठवली. वाचायचंच कशाला? डावीकडच्या उभ्या पट्टीतलं कितवं, आणि ते उघडलं की आतलं कितवं, बस्स. कुऱ्हाड दोन-चार, ढाल दोन-पाच, दोर पाच-तीन. हर्षने पापण्यांनी आकडा सांगायचा, नरसिंहरावांनी दाबायचं. एका जुन्या पत्रिकेच्या कोऱ्या पाठीवर त्यांनी सगळा तक्ता सुवाच्य अक्षरात लिहिला. महिन्याभरात तोही बघायची गरज राहिली नाही. हर्षच्या पापण्या हलत आणि टेबलावर बोम्माची कुऱ्हाड चाले. रविवारच्या त्या तीन तासांत पोरगा घरात हिंडतोय असं त्यांना वाटायचं. आठवड्यातला तेवढाच वेळ त्यांना सुखाचा होता, हे ते स्वतःशी कबूल करत.

संक्रांतीनंतरच्या रविवारी बोम्मापुढे एक राक्षस उभा होता. हर्षने दोन-चार सांगितलं. नरसिंहरावांनी दाबलं, आणि बोम्मा कुऱ्हाड खाली ठेवून राक्षसासमोर झोपी गेला. निहार खो-खो हसला, हर्षचेही डोळे हसले. श्वेताने टॅबलेट हातात घेऊन पाहिलं. कंपनीने ॲप नवं केलं होतं. पट्टी डावीकडून खाली गेली होती, हत्यारं सामानात घातली होती, आणि पूर्वी जिथे कुऱ्हाड होती तिथे आता विश्रांती होती.

नरसिंहराव हसले नाहीत. आमच्या पेटीतला एक कप्पा जरी कुणी इकडचा तिकडे केला असता तर मालकाने त्याला उभं केलं नसतं, असं ते दोनदा म्हणाले. कंपनीला पत्र लिहून जुनं परत मागता येईल का, असं त्यांनी श्वेताला विचारलं. तिने लिहिलंही. उत्तर आलं की नवी मांडणी अधिक सोपी आहे.

मग त्यांनी कंबर कसली. तीन दिवस हर्षच्या पलंगाशी खुर्ची टाकून ते नवं ॲप कप्प्या-कप्प्याने उघडत गेले. प्रत्येक ओळ मोठ्याने, अडखळत वाचायची, आणि जुन्या आकड्यासमोर नवा आकडा टिपायचा. जुनं दोन-चार ते नवं तीन-एक. जुनं पाच-तीन ते नवं तीन-सात. काही ओळी अगदीच नव्या होत्या, त्यांना जुना आकडाच नव्हता. त्या त्यांनी वाचल्या आणि सोडून दिल्या. हर्ष उशीवर मान ठेवून सगळं ऐकत होता.

तक्ता पुरा झाल्यावर ते त्याला म्हणाले, तू काही नवं पाठ करू नकोस, आधीच थकतोस. तू आपला जुना आकडा सांग, बदलून घ्यायचं काम माझं. हर्षने डोळे मिटले आणि बराच वेळ उघडले नाहीत. नरसिंहरावांनी तो होकार धरला.

आणि खरंच दोन रविवार निभावले. हर्ष सांगे जुनं, नरसिंहराव दाबत नवं, मध्ये क्षणभर तक्त्यावर नजर. श्वेता म्हणाली, काका, तुम्ही तर दुभाषी झालात. म्हातारा खूश झाला. त्या दिवशी त्यांनी स्वतः जाऊन सगळ्यांसाठी गरम तळलेले बोंडे आणले.

त्याच आठवड्यात डॉक्टर हयवदन घरी आले. तपासून झाल्यावर ते पलंगाच्या कडेला बसले आणि घुमवून-फिरवून न बोलता सरळ हर्षशी बोलले. श्वास आता कमी पडू लागला होता. गळ्याला भोक पाडून यंत्र लावता येईल, त्याने काही वर्षं मिळतील, पण यंत्र मग सुटणार नाही. लावायचं की नाही हे त्याने सांगायचं होतं. हर्षने डॉक्टरांकडे बघत पापण्या दोनदा मिटल्या.

"तो आकडा सांगत होता, अर्धाच राहिला," नरसिंहराव घाईने म्हणाले. "दोननं सुरू होणारे पुष्कळ आहेत आमच्यात. दमलाय तो. पुढच्या खेपेला विचारा."

 दाराशी चपला घालताना डॉक्टरांनी तुंगाबाईंना एवढंच सांगितलं की फार दिवस थांबता येणार नाही, सोमवारपर्यंत कळवा. तुंगाबाई, म्हणजे हर्षची आई, त्या रात्री जेवल्या नाहीत. नरसिंहराव जेवले, आणि यंत्र ठेवायला पलंगाजवळ जागा होईल की नाही हे त्यांनी टेप लावून मोजलं.

रविवारी खेळ सुरू झाला तेव्हा बोम्मा आणि त्याचे सोबती एका खिंडीत पोचले होते. पुढे कोण जाणार, श्वेताने विचारलं. हर्षने पाच वेळा पापण्या मिटल्या, थांबला, मग तीन वेळा. पाच-तीन. नरसिंहरावांनी तक्ता पाहून तीन-सात दाबलं. बोम्माने दोर काढला. श्वेता म्हणाली, छान, दोर कुठे बांधतोस? हर्षने पुन्हा पाच-तीन सांगितलं. पुन्हा दोर. तिसऱ्यांदा पाच-तीन. निहार म्हणाला की खिंड सपाट आहे, दोराचं काय करणार हा? नरसिंहराव कपाळाला आठ्या घालून तक्ता वर-खाली बघू लागले. पोराचं डोकंसुद्धा आता थकलं की काय, अशी भीती त्यांना वाटली, आणि तिच्या पाठोपाठ एक लाजिरवाणा दिलासाही. डोकंच थकलं असेल, तर डॉक्टरांना त्याने दिलेलं उत्तर तरी कशाला मोजायचं?

हर्षचे डोळे भरून आले होते. चौथ्यांदा त्याने सांगितलं. पाच. तीन.

तुंगाबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. त्यांना या खेळातलं ओ की ठो कळत नव्हतं. हात पदराला पुसत त्या पुढे आल्या.

"अहो, तो सांगतोय तेच दाबा की. तुमचा तक्ता स्वल्प बाजूला ठेवा."

"अगं, त्याला नवे आकडे माहीत नाहीत. तो जुनं सांगतोय."

"तीन दिवस त्याच्या उशाशी बसून कोण ओरडून वाचत होतं मग?"

नरसिंहरावांनी हर्षकडे पाहिलं. हर्षने एकदा पापणी मिटली. स्वच्छ, एकदाच.

त्यांनी तक्ता पालथा ठेवला आणि नव्या पट्टीतलं पाचवं उघडलं. त्यात तिसरं. त्यांच्या कागदावर ती ओळ नव्हतीच. जुना आकडा नसलेल्या, त्यांनी वाचून सोडून दिलेल्या ओळींतली ती एक होती. दाबताच एक मोठा चौकोन वर आला, आत चार ओळींचा इंग्रजी मजकूर. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना त्याचा अर्थ हवा होता. त्यांनी टॅबलेट श्वेतापुढे धरला.

श्वेताने ते दोनदा वाचलं. हे पात्र दुसऱ्या कुणाच्या तरी हवाली करायचं पान आहे, ती म्हणाली. एकदा दिलं की परत मिळत नाही. खाली नावं आहेत, त्यातलं एक निवडायचं.

 मेघाश्रीने हातातले फासे टेबलावर ठेवले.

"कुणाला देतोस रे?" नरसिंहरावांनी विचारलं. आवाज शक्य तितका साधा ठेवायचा त्यांनी प्रयत्न केला. श्वेता हळूहळू नावं वाचू लागली. तिचं स्वतःचं, निहारचं, मेघाश्रीचं. प्रत्येक नावाला हर्षने दोनदा पापण्या मिटल्या. चौथं नाव नरसिंहरावांचं होतं. टॅबलेट त्यांच्या नावावर घेतलेला, म्हणून श्वेताने वर्षापूर्वी त्यांनाही गटात घालून ठेवलं होतं, आणि ते सगळे विसरून गेले होते. हर्षने एकदा पापणी मिटली.

"मला?" ते म्हणाले. "मला कुठे खेळता येतं?"

हर्ष त्यांच्याकडे बघत राहिला. पुन्हा एकदा, हो.

तेव्हा नरसिंहरावांच्या ध्यानात आलं. हा काही भरकटत नव्हता, चुकत नव्हता. जे शिकू नको म्हणून त्यांनी बजावलं होतं, ते सगळं तो पडल्या पडल्या ऐकून शिकला होता. चार वेळा सांगितलं, बाप आपला दोरच धरून बसला, तरी तो न चिडता पाचव्यांदा सांगायला तयार होता. आपण नसू तेव्हा रविवारी चार वाजता या माणसाने काय करायचं, याची सोय तो लावत होता. आणि ज्याला एवढं कळतं, त्याचं दोन म्हणजे दोनच होतं. ते अर्धं राहिलेलं नव्हतं. हे डॉक्टरांना त्या दिवशीच कळलं होतं, तुंगाबाईंनाही कळलं होतं. त्यांना स्वतःलाही, खरं बोलायचं तर, कळलं होतं.

त्यांनी टॅबलेट बाजूला ठेवला आणि खुर्ची पलंगाजवळ ओढली.

"डॉक्टरांनी विचारलं, यंत्र लावायचं का. तू नको म्हणालास. मी ऐकलं नाही. आता ऐकतो. नको ना तुला?"

हर्षने एकदा पापणी मिटली. हो, नको.

"सरी, बरं," नरसिंहराव म्हणाले.  "सांगतो मी त्यांना."

सोमवारपर्यंत आपला धीर टिकणार नाही हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. म्हणून ते तसेच उठून बाल्कनीत गेले आणि त्यांनी फोन लावला. आतल्यांना त्यांची पाठ दिसत होती आणि तुटक शब्द ऐकू येत होते. होय डॉक्टर. त्यानेच सांगितलं. नाही, चूक नाही, मी पुन्हा विचारून घेतलं. तुंगाबाई पलंगाच्या कडेला बसल्या आणि हर्षचा हलका झालेला हात त्यांनी मांडीवर घेतला. त्या रडत होत्या, पण गेल्या चार दिवसांतला त्यांच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला होता.

नरसिंहराव आत आले, चष्मा पुसून पुन्हा जागेवर बसले. चौकोन अजून तसाच उघडा होता. नक्की का, असं ॲप विचारत होतं. त्यांनी स्वतःच्या नावावर बोट ठेवलं आणि दाबलं. हर्षच्या यादीतून बोम्मा गेला आणि त्यांच्या यादीत आला, सगळ्या सामानासकट.

आज इथेच थांबूया का, असं निहारने हळूच विचारलं. हर्षने दोनदा पापण्या मिटल्या. मग श्वेताने डोळे पुसले, घसा साफ केला आणि गोष्ट सोडली होती तिथून उचलली. खिंडीत वारा सुटला होता, पलीकडे कुणाच्या तरी मशाली दिसत होत्या, सोबती बोम्माच्या तोंडाकडे बघत होते.

"काका," ती म्हणाली, "बोम्मा काय करतो?"

नरसिंहरावांचं बोट पट्टीवर जाऊन थांबलं आणि सवयीने त्यांनी हर्षकडे पाहिलं, आकड्यासाठी. हर्ष त्यांच्याकडेच बघत होता, आणि त्याचे डोळे हसत होते. त्याच्या पापण्या उघड्या होत्या, आणि कितीतरी वेळ वाट पाहिली तरी त्यांनी आकडा सांगितला नाही.