मर्लच्या डब्यातली हिरवी कळी

मी एक पिओनी बोलतेय, थंड मुलखातलं फुलझाड. पिवळ्या फुलांची, असं माझ्या कुंडीवरच्या चित्रात होतं. खरंखोटं मलाही ठाऊक नाही, कारण मी अजून फुललेच नाही. सांगतानाही मान खाली जाते.

माझा जन्म प्रयोगशाळेतला. काचेच्या बाटलीत, खळीसारख्या मऊ लगद्यात, नखाएवढ्या तुकड्यापासून मला वाढवलं. ना रोग, ना कीड, ना वारा. मग कुंडी, मग दुकान. तिथून अमेरिकेतल्या आयोवा राज्यातल्या मर्ल टिग्नरने मला घरी आणलं. चित्राला भुलला बिचारा.

त्याच सुमारास त्याची थोरली बहीण लव्हॉन आपल्या शेतातली गुलाबी पिओनी खणून घेऊन आली. रताळ्यासारखी जाड मुळं, वर टपोरे लाल कोंब. मला बघून म्हणाली, "मर्ल, हे झाड आणलंस की दात कोरायची काडी?"

मर्ल हसला. "ताई, थांब जरा. ही फुलली की तुझ्या गुलाबीकडे कुणी ढुंकूनही बघणार नाही. माझ्या थडग्यावर हीच फुलं ठेवा."

आम्हा दोघींना त्याने शेजारी शेजारी लावलं. त्या हिवाळ्यात तो अचानक गेला.

मे महिन्याच्या अखेरीला इथे सगळे आपापल्या माणसांच्या थडग्यांवर फुलं नेतात. मर्लची बायको आर्लिस कॉफीच्या रिकाम्या डब्याला चंदेरी कागद गुंडाळते, पाणी भरते आणि कात्री घेऊन वाफ्यापाशी येते. पहिल्या वर्षी आम्ही दोघीही रिकाम्या होतो, म्हणून निभावलं. पुढच्या वर्षी शेजारीण फुलली. तिच्या कळ्यांवरच्या गोड रसासाठी मुंग्यांची ही झुंबड, आणि माझ्याकडे एक मुंगी फिरकेना. आर्लिसने तिची फुलं कापली. मग माझी दोन पानं तोडून डब्यात खोचली. "मर्लला तेवढंच बरं वाटेल," म्हणाली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तिसऱ्या वर्षीही पानंच.

यंदा मात्र मला कळी आली! एकच, गोटीएवढी, हिरवी, घट्ट. मुंग्या आल्या तेव्हा तर मी आनंदाने वेडी व्हायची बाकी होते. मे संपत आला तरी ती उघडेना, पण होती. आर्लिस रोज यायची, वाकताना गुडघ्यांना शिव्या द्यायची आणि कळीवर बोट फिरवायची.

थडग्यावर जायच्या सकाळी दोघी नणंदा-भावजया वाफ्यापाशी आल्या. आर्लिस बराच वेळ माझ्या बारीक देठाकडे बघत राहिली. मग चिमटीत धरून तिने कळी खुडली.

लव्हॉनला धक्काच बसला. आठवड्याभरात उमलली असती, म्हणाली, इतकी वर्षं वाट बघून हे काय केलंस?

"वन्सं, एवढ्याशा जिवाने आत्ता फूल दिलं तर मुळं कधी भरायची? सगळा जोर खाली जाऊ दे."

"अगं, पण मर्ल..."

"मर्लला कसली घाई? आता त्याला वेळच वेळ आहे."

"आणि तुला?" लव्हॉनने हळूच विचारलं.

आर्लिस गुलाबी फुलं कापू लागली. "मी नसले तर तुम्ही न्या फुलं. तुम्ही काही लवकर जायच्या नाहीत."

लव्हॉन हसली आणि तिने डोळे पुसले. माझ्याकडे बघून ती पुन्हा कधी काडी म्हणाली नाही.

गुलाबी फुलांच्या मधोमध आर्लिसने ती हिरवी कळी खोचली आणि डबा घेऊन निघाली. ती उघडणार नाही, हे तिलाही ठाऊक होतं.

इतके दिवस फूल देता आलं नाही म्हणून मला लाज वाटायची. आता त्याहून जास्त वाटते. जिच्याकडे दिवस थोडे, तिने आपल्यातले मला दिले. मी मातीत मुळं रोवतेय गं, आर्लिस, जिवाच्या आकांताने रोवतेय. तुझे गुडघे दुखोत, शिव्या दे, पण पुढच्या मेमध्ये कात्री घेऊन तूच ये.