गंगासागरची हजेरी

खाडे साहेबांच्या कपात अजून अर्धा चहा उरला होता, आणि पहिल्या रांगेतलं एक आणि मागच्या भिंतीजवळचं एक, अशी दोन मशीन एकदम गप्प झाली. माऊसचा बाण पडद्यावर फिरत होता, पण कशावरही टिचकी मारा, काही उघडत नव्हतं. कावेरी मनातल्या मनात करवादली. मेल्यांनो, आजच? हाच मुहूर्त सापडला का तुम्हाला?

दोन हजार तीन सालचा हिवाळा. केज तालुक्यातल्या युसूफ वडगावात गुंडप्पांच्या हार्डवेअरच्या दुकानामागं एक लांबट खोली होती, तिथं त्यांची सून कावेरी कॉम्प्युटरचा क्लास चालवायची. विंडोजचा परवाना झेपत नाही आणि चोरीची सीडी वापरायची नाही, असा तिचा हट्ट. म्हणून पुण्याच्या मंडळींकडून फुकट मिळणारं लिनक्स आणून तिनं सगळ्या मशीनवर घातलं होतं. क्लासला नुसत्या पोरी. कपाळाला विभूती लावून गल्ल्यावर बसलेले गुंडप्पा दिसले की पोरींच्या बापांचा जीव भांड्यात पडायचा. पण परीक्षेला केजला जायचं म्हटलं की तेच बाप मान हलवायचे. "क्लास ठीक हाय. एस्टीनं परगावी न्हाई." म्हणजे परीक्षा वडगावात झाली तरच पोरी परीक्षा देणार, नाही तर शिकलेलं सगळं पाण्यात. आणि वडगावाला केंद्र द्यायचं का नाही, हे ठरवायलाच धुळाजी खाडे बीडहून आला होता. परीक्षा मंडळाचा तपासनीस.

"मॅडम, मशीनच चालंना तर परीक्षा काय पाटीवर घ्यायची?" खाडे म्हणाला. आवाज चढवला नाही त्यानं, आणि त्याचीच कावेरीला जास्त धास्ती वाटली.

"सर, आत्ता चालू होतंय."

होतंय कसलं! दिवाळीपासून तिच्या नाकी नऊ आणले होते या भानगडीनं. वर्ग सुरू होताना हमखास दोन मशीन अडकायची. तिनं वायरी बदलल्या, पंखे बंद ठेवून पाहिले, व्होल्टेजला शिव्या घातल्या. शेवटी केजच्या सायबर कॅफेत जाऊन पुण्याच्या लिनक्सवाल्यांना मेल टाकला. रवि नावाच्या पोरानं उत्तर दिलं: नुसतं 'बंद पडतं' म्हणून काही कळत नाही, अडकायच्या आधी कोणी काय केलं ते विचारा, आणि एकाच नावानं दोन मशीनवर कुणी शिरत नाही ना तेही बघा. प्रत्येकीचं सामान एका मोठ्या मशीनवर ठेवलेलं होतं. आपलं नाव आणि पासवर्ड टाकला की कुठल्याही खुर्चीवरून ते उघडायचं. कावेरीनं पोरींना विचारलं, "काय करता गं तुम्ही?"  मग प्रियदर्शनी म्हणाली, "आमी काई न्हाई केलं मॅडम. आपापल्या नावानंच जातो." कावेरीनं तसंच कळवलं. रविनं लिहिलं, मग असं व्हायलाच नको. व्हायला नको हे मलाही कळतंय रे बाबा, पण होतंय ना!

"हजेरीचा कागद द्या," खाडे म्हणाला. "तोवर तुमची मशीन जागी होतील."

कावेरीला तेवढाच धीर आला. हजेरी हे तिच्या अभिमानाचं काम होतं. "हजेरी मशीनच लावतं सर. पोरगी तिच्या नावानं आत गेली की त्या दिवसाची खूण आपोआप पडते. त्यात माणसाचा हात नाही." सकाळच्या धांदलीत छापलेला कागद तिनं न वाचताच त्याच्या हातात दिला.

खाडेनं चष्मा लावला आणि नावं घ्यायला सुरुवात केली. केशर उठली, "हजर सर," म्हणाली, बसली.

"गंगासागर. हजेरी पूर्ण. अरे वा."

पूर्ण? कावेरीनं मान वर केली. गंगासागर तर दिवाळी झाल्या झाल्या आई-बापाबरोबर ऊसतोडीला कराडकडं गेलेली. निघताना रडली होती, म्हणाली होती, मॅडम, माझी खुर्ची कुणाला देऊ नका. ती इथं नाही, मग हजेरी कुणाची?

"सर, ती…" कावेरीचं वाक्य तोंडातच राहिलं.

"हजर सर!"

एक नाही, दोघी उठल्या. पहिल्या रांगेतून प्रियदर्शनी, मागच्या भिंतीपासून वर्षाराणी. पुढं आपलं स्वतःचं नाव आल्यावर काय करणार, याचा विचार एकीनंही केलेला नव्हता. दोघींनी एकमेकींकडं पाहिलं, आणि दोघींचे चेहरे पडले. या दोघींचं आपसात बोलणं बंद होतं, कुठल्याशा ओढणीवरून भांडण झाल्यापासून. गंगासागर मात्र दोघींची जिवाची मैत्रीण.

कावेरीच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. अगं बाई! रोज वर्ग सुरू झाला की ही गंगासागरच्या नावानं आत जाते, आणि तीही. एकीला दुसरीचा पत्ता नाही. खूण पडली की बाहेर, मग आपल्या नावानं पुन्हा आत. आणि एकच नाव दोन मशीनवर एकदम शिरलं की दोन्ही अडकतात. रवि पहिल्याच दिवशी बोलला होता, आणि तिनं त्याला ठामपणे खोटं कळवलं होतं.

"यातली खरी कोण?" खाडेनं विचारलं.

 दुकानात गुंडप्पा खिळे तोलत होते, त्यांच्या तराजूचा आवाज तेवढा येत होता.

कावेरीपुढं दोनच वाटा होत्या. गप्प बसावं तर मशीन सदोष म्हणून केंद्र जाणार. बोलावं तर हजेरी खोटी म्हणून जाणार. तिला रडूच यायला लागलं होतं, पण ती उठली.

"एकही नाही सर. गंगासागर उसाच्या फडावर आहे. या दोघी तिची हजेरी भरत होत्या, आणि मशीन त्यामुळंच अडकत होती. दाखवते. प्रियदर्शनी, वर्षाराणी, तिच्या नावानं जा आत. दोघी एकदम."

दोघी गेल्या. दोन्ही मशीन अडकली. कावेरीनं ती बंद करून पुन्हा लावली आणि एकटीला जायला सांगितलं, तर मशीन सुरळीत चालू. पुन्हा दोघी, पुन्हा अडकलं. तीनदा केलं. इतक्या दिवसांच्या डोकेदुखीचं कारण सापडलं याचा आनंद तिला व्हायला हवा होता, पण तिचं लक्ष खाडेच्या हातातल्या हजेरीच्या कागदावर होतं.

खाडेनं चष्मा काढून पुसला. "मशीन चांगली हायत तुमची. हजेरी खोटी हाय. मी डोळे झाकले असते मॅडम, पण तुमी मला छापून दिलंत ना."

"सर, लई हुशार पोरगी आहे हो. सगळ्यांत आधी तिलाच कॉम्प्युटर समजला. तिला एवढी एक परीक्षा…"

"नाव काढा. आत्ता, माझ्यासमोर. मग सही करतो. न्हाई तर सगळ्या पोरी केजला." आणि चष्मा परत लावत म्हणाला, "माझी बहीण बी जात होती फडावर. मला शिकवू नका."

पोरी कावेरीकडं बघत होत्या. वर्षाराणी हुंदके देत होती, आणि तिचा हात प्रियदर्शनीनं धरून ठेवला होता. कावेरी मोठ्या मशीनवर बसली. नाव काढायचा हुकूम टाईप केला, बटण दाबलं. 'नक्की काढायचं का?' एवढंही लिनक्सनं विचारलं नाही. पडद्यावर पुढची रिकामी ओळ आली.

खाडेनं सही केली, शिक्का मारला आणि उरलेला गार चहा पिऊन निघून गेला. पोरी आपापल्या नावानं बसल्या. एकही मशीन अडकलं नाही. 

दुपारी दुकानातून गुंडप्पांनी हाक दिली, "सूनबाई, फोन. कारखान्यावरून कोण पोरगी हाय बग."

कावेरीनं रिसीव्हर घेतला. पाठोपाठ सगळ्या पोरी दारात येऊन उभ्या राहिल्या. पलीकडं ट्रॅक्टरचा गोंगाट होता.

"मॅडम, मी गंगासागर! आज साहेब येणार व्हते ना? आबा म्हनले, परीक्षेपुरतं सोडतो तुला. हजेरी पोरी भरत्यात माझी, रागावू नका. मी येऊ ना?"

सांगता आलं असतं काहीबाही. मशीन बिघडलं, नाव उडालं, साहेबांनी काढलं. जिभेवर आलं होतं सगळं.

"न्हाई गं. हजेरी धरली गेली. तुझं नाव मी काढलं, माझ्या हातानं."

ट्रॅक्टर गेला.  

"मॅडम," गंगासागर म्हणाली, "मग बाकीच्यांची परीक्षा वडगावालाच हाय ना?"

"हो."

"केजला न्हाई जावं लागायचं कुणाला?"

"न्हाई."

"बरं झालं मग," ती म्हणाली. "पैसे संपत आलेत मॅडम, ठेवते."