कडी माझ्याकडे, कोयंडा पलीकडे

मी एक जुनं फाटक आहे, मित्रांनो. थांबा, चुकलं. मी अर्धं फाटक आहे. सवयच जात नाही हो!

गिरगावातल्या एका वाडीत मी उभं आहे. लाकडी गॅलऱ्यांची छोटी छोटी घरं, त्यातल्या एका दुमजली घराच्या अंगणाला माझा पहारा. वाडी जुनी, म्हणून महापालिकेच्या हेरिटेज यादीत तिचं नाव आहे. माझं नाही. फाटकांना कोण विचारतंय!

माझा जन्म सांगू? सुतारानं एकाच सागाच्या ओंडक्यातून आम्हा दोघांना काढलं. मी डावं दार, माझं भावंड उजवं दार. कडी माझ्या अंगावर ठोकली आणि कोयंडा त्याच्या. त्यामुळे मी एकटं कधी लागायचंच नाही. त्यानं धरलं तर मी बंद, नाहीतर आपलं लटकत. पण खरं सांगू, आम्ही दिवसा कधी बंद व्हायचोच नाही! कारण घराच्या मागे चाळ आहे ना, तिथल्या लोकांचा रस्ता आमच्या अंगणातूनच. दुसरीकडे एक बोळ आहे, पण तो इतका चिंचोळा की समोरून छत्री आली की एकानं मागे जायचं. मग सगळे आमच्यातूनच. दूधवाला, लग्नाची वरात, सिलिंडर, चाळीचा गणपती. गणपती निघाला की आमच्यापाशी थांबायचा, त्याचं तोंड एकदा वाडीकडे फिरवायचे, मग पुढे.

आणि दसरा! दसऱ्याला चाळीतले शिवाकाका तोरण करायचे. झेंडू नि आंब्याची पानं. मोजपट्टी नाही काही, हातानं मोजायचे, सात हात. एक टोक माझ्या खांबाला, मग दुसरं भावंडाच्या खांबाला. ते दुसरं टोक बांधलं ना, की मला इकडे हलकीशी ओढ बसायची. त्या ओढीनं मला कळायचं, झालं, बांधलं, दसरा आला!

घरात दोघं राहायची. खाली मनमोहनकाका, वर त्यांची मोठी बहीण सुमतीताई. काकांची नात वल्लरी आणि ताईंचा नातू गंधार. ही दोघं आमच्यावर झोके घ्यायची, वल्लरी माझ्यावर, गंधार भावंडावर. बिजागऱ्या कुरकुरायच्या, पण मजा यायची.

मग सुमतीताईंनी एक दिवस अंगणात उभं राहून विषय काढला. "मनू, माझा अर्धा हिस्सा मला वेगळा करून दे. मी तिथे लिफ्टवाली इमारत बांधून घेते."

"ताई, हेरिटेज आहे गं आपलं."

"तुझ्या हेरिटेजनं माझे गुडघे बरे होणारेत का? चौतीस पायऱ्या चढून दाखव माझ्याबरोबर."

त्या काही वाईट नाहीत हो, मित्रांनो. रोज जिना चढताना त्यांचं कण्हणं मी ऐकलंय.

काही दिवसांनी महापालिकेच्या माणसानं माझ्या छातीवर कागद चिकटवला. अंगणाचे दोन प्लॉट होणार, मध्ये भिंत येणार, कुणाची हरकत असेल तर तीस दिवसांत लेखी कळवा. झालं! सगळी वाडी माझ्यासमोर जमा.

शिवाकाकांची बायको, सुभद्राकाकू, पहिली कडाडली, "भिंत इली तर आमचो गणपती खयसून न्हेवचो? उडवून?"

"आणि आग लागली तर बंब कुठून येणार?"

"आज एक इमारत, उद्या दुसरी. वाडीच जाईल ना यार!"

समोरच्या घरातली मेघना वकिलीचं शिकते. तिनं तिथेच माझ्या आडव्या फळीवर कागद ठेवून अर्ज लिहिला. काय छान लिहिला! मला वाटलं, वाचलो आपण.

"चला, सह्या करा."

मित्रांनो, आता काय झालं ते ऐका. कुणीच पेन घेईना.

"पहिली तुम्ही करा."

"छे छे, तुम्ही मोठे."

शिवाकाका मान खाली घालून म्हणाले, "माझ्या रुपालीला दहावीपर्यंत काकांनी शिकवलंन. एक पैसा घेतला नाय. त्यांच्या घरच्या गोष्टीत मी हरकत घेऊ? कुठल्या तोंडान?"

झालं. भीड पडली. कागद सुभद्राकाकूंच्या बिस्किटांच्या डब्यात गेला. तीस दिवस गेले आणि एकही सही झाली नाही.

एकतिसाव्या दिवशी मनमोहनकाका माझ्यापाशी येऊन उभे राहिले. शिवाकाका समोरून येत होते.

"शिवा, एकानंही हरकत घेतली नाही रे?"

"आम्हांला वाटलं, काका, तुमच्याच मनात आहे. ताईंच्या वाटणीच्या कागदावर सही तर तुम्हीपण केलीत ना?"

"ताईला नाही कसं म्हणू मी? म्हटलं, मी सही करतो, वाडी अडवेल." काकांनी माझी कडी घट्ट धरली. "मी तुमच्या भरवशावर होतो रे."



मग विटांचा टेम्पो आला. आणि मित्रांनो, मीच उघडलं त्याच्यासाठी. काय करणार, मला दुसरं काही येतच नाही ना! भिंत बरोबर आमच्या दोघांच्या मधोमध आली. मी काकांकडे, भावंड ताईंकडे, आणि चाळीची वाटही तिकडेच अडकली. झोके बंद. ताईंकडचं दार आता पलीकडच्या गल्लीत निघालं, गंधार तिथूनच येतो-जातो म्हणे. यंदा चाळीचा गणपती बोळातून गेला, तिरका धरून. तोंड फिरवायला जागाच नव्हती.

आज दसरा. सकाळीच शिवाकाका तोरण घेऊन आले. उलगडलं, नि तसेच उभे राहिले. वल्लरी ओरडली, "काका, केवढं मोठं हे!"

"सात हात." शिवाकाका हसले, पण डोळे भरले होते. "भिंत झाली ता हातांना कोणी सांगितलाच नाय गो."

सुभद्राकाकू म्हणाली, "कापा नि दोन करा."

"तोरण कापत नाय कोणी."

मग वल्लरी माझ्या आडव्या फळीवर चढली, पूर्वीसारखी. एक टोक माझ्या खांबाला बांधलं, दुसरं भिंतीवरून पलीकडे टाकलं. "गंधार! ए गंध्या, पकड रे!"

उत्तर नाही आलं.

आता दुपार झाली. तोरण भिंतीवर पडलंय. पलीकडचं मला काही दिसत नाही. मित्रांनो, तुमच्या दारावर कधी असा कागद लागला, तर पहिली सही कोण करतं याची वाट बघू नका हं. तुम्हीच करा. आणि आज एवढं माझं काम कराल? तुम्हांला पाय आहेत. गल्लीला वळसा घालून पलीकडे जा, ते टोक खाली लोंबत असेल, माझ्या भावंडाच्या खांबाला बांधा. येऊन सांगायची गरज नाही.

इकडे ओढ बसली की मला कळेल.