तार पाहून घातलेलं तेल

मी एक जुनी पिकअप गाडी आहे. जुनी म्हणा मित्रांनो, पण 'थकली' म्हणू नका. त्याच एका शब्दापायी मी भंगारात निघाले होते.

कारखान्यातून निघून मी कोंढा गावी आले, त्याला चौदा वर्षं झाली. हिरालालच्या अंगणात मला उभं केलं, त्याची बायको रत्नमाला हिने मेणबत्ती लावली, सगळ्यांनी वंदना घेतली आणि दुसऱ्याच पहाटे माझ्या पाठीवर वांग्याची पोती चढली. उजाडायच्या आत भंडाऱ्याच्या भाजीबाजारात पोचायचं, हे माझं काम. शिवाय हंगामात धान, लग्नात वऱ्हाड, दरवर्षी दीक्षाभूमीला जाणारी अर्धी वस्ती, सगळं वाहिलं. लोक म्हणत, "हिराभाऊची गाडी गेली, म्हंजे पाच वाजले." असं ऐकलं की माझा हॉर्न जरा जास्तच वाजायचा. खोटं कशाला बोलू?

पुढे हिरालालचे गुडघे धरले आणि लेक दीपमाला स्टिअरिंगवर बसली. ती खड्ड्यात मला जपते. आम्हा दोघींचं छान जमलं. घोळ झाला तो इंजिनच्या तेलाचा.

आमचा मिस्त्री गाव सोडून गेला, तेव्हा तेल बदलायचं काम हिरालालने स्वतःकडे घेतलं. हा माणूस तरुणपणी लाखांदूरकडे गुऱ्हाळात कढईवर होता. उसाचा पाक दोन बोटांत धरायचा, बोटं फाकवायची, तार सुटली की कढई उतरवायची. त्याचा अंदाज कधी चुकला नाही. दुकानात त्याने माझं नेहमीचं तेलही तसंच बोटांत धरलं आणि तोंड वाकडं केलं.

"हे तं पानी हाय पानी! तारच नाई सुटत. गाडी थकली आता, तिले घट्ट तेल पायजे."

बायकोला अशक्तपणा आला की तो डिंकाचे लाडू आणतो, तसं मला जाड तेल आणलं. मायाच ती. रागवू तरी कुणावर?

पण मित्रांनो, रात्रभर गाडी उभी राहिली की सगळं तेल इंजिनच्या तळाशी जाऊन बसतं. सकाळी चावी फिरवली की त्याने झटक्यात वर चढायला हवं. पातळ तेल पळतं. जाड तेल पौषाच्या थंडीत रांगत येतं, आणि ते येईपर्यंत माझं लोखंड लोखंडावर कोरडं घासतं. टक टक टक! तेलाचा लाल दिवा विझता विझत नसे. हिरालालला वाटलं, म्हातारपण वाढलं. पुढच्या खेपेला त्याने आणखी जाड तेल आणलं. मी जितकी कण्हले, तितकं तो घट्ट घालत गेला.

या हिवाळ्यात एका पहाटे मी तासभर चालूच झाले नाही. दीपमालाची वांगी बाजार उठल्यावर पोचली. संध्याकाळी भय्याजी आले. हे जुन्या गाड्या घेऊन तोडतात. त्यांनी माझ्याभोवती एक चक्कर मारली, टायरला लाथ मारली आणि म्हणाले, "परवा सकाळी घेऊन जातो."

"गाडी गेली तं मी काय करू, बाबा?" दीपमाला म्हणाली. "भाजीचा धंदा सोडून बुटीबोरीले कंपनीत जाऊ?"

"मंग काय करू, बाई? रोज रस्त्यात उभी राहीन ते."

कागदपत्रं काढायला दीपमालाने माझा स्टिअरिंगशेजारचा खण उघडला. तळाशी कारखान्याने दिलेली माझी पुस्तिका निघाली, प्लास्टिकच्या पिशवीसकट. पायरीवर बसून तिने ती वाचली आणि तशीच उठली.

"बाबा, हिच्या पुस्तकात पाच डब्ल्यू तीस नंबरचं तेल लिहून हाय. तुमी वीस डब्ल्यू पन्नास टाकून राहिले!"

"तिसापेक्षा पन्नास मोठाच नं? आपला उन्हाळा कसा असते! पातळ तेल जळून जाईन."

"उन्हासाठी मांगचा आकडा हाय, आन् आपल्या उन्हाले तीस पुरते, असं लिहून हाय. समोरचा आकडा थंडीचा. तो जेवढा लहान, तेवढं तेल थंडीत लवकर चढते."

"कागदावर कोनीई काईई लिहिते."

शेवटी बापाचीच लेक ती! तिने अड्याळहून ते पातळ तेल आणलं. एका वाटीत ते, दुसरीत घरातलं जाड तेल, आणि दोन्ही वाट्या रात्रभर ओट्यावर उघड्या ठेवल्या. सकाळी धुकं होतं.

"बाबा, दोनी वाकड्या करा."

हिरालालने केल्या. पातळ तेल भस्सकन त्याच्या पायावर सांडलं. जाड तेल अजून वाटीच्या काठाकडे सरकतच होतं. त्याने ती वाटी आणखी वाकडी केली.

"थंड पाक," तो हळूच म्हणाला. "थंड पाक कढई सोडत नाई."

त्या दिवशी दुखऱ्या गुडघ्यांनिशी तो स्वतः माझ्याखाली शिरला. काळं तेल लांब तार धरून उतरत होतं. यावेळी त्याने ती बोटांत धरून पाहिली नाही.

दुसऱ्या सकाळी भय्याजी दोरखंड घेऊन हजर. दीपमालाने चावी फिरवली. पहिल्याच झटक्यात मी चालू झाले आणि लाल दिवा लगेच विझला!

"हे तं न्यायची गाडी नाई," भय्याजी हसले. "मलेच बसवून न्या बाजारात!"

सगळे हसले. हिरालाल नाही हसला. त्याने माझ्या बॉनेटवर हात ठेवला, कान दिला.

"एक टकटक राह्यलीच नं, बाई?"

"ते राहीनच, बाबा. घासलं ते घासलं."

"मले वाटे, मी हिले ताकद देऊन राहिलो," तो म्हणाला आणि त्याने दुपट्ट्याने डोळे पुसले.

मित्रांनो, दीपमाला आणि मी आजही भंडाऱ्याला जातो. ती टकटक रोज सकाळी ऐकू येते, आणि ओट्यावर बसलेला हिरालालही ती ऐकतो. माझा त्याच्यावर राग नाही. पण तुमच्या घरी एखादं यंत्र असेल, जनावर असेल, थकलेलं माणूस असेल, तर आपल्या मनाने माया करण्याआधी त्याला काय मानवतं ते विचारा. मला बोलता येत नाही, म्हणून तर ती पुस्तिका सोबत दिली होती. चौदा वर्षं ती हाताच्या अंतरावर, प्लास्टिकमध्येच होती.