काचेच्या कपाटातला खर्ज

मित्रांनो, आधी नीट बसा. पाय पसरून ऐकण्यासारखी ही गोष्ट नाही. मी एक जुनी बास गिटार आहे. वयाने तुमच्यापैकी बहुतेकांच्या आईवडिलांहून थोरली. मला नुसती ‘गिटार’ म्हणू नये. साधी गिटार सहा तारांची. ती पुढे उभी राहून मिरवते आणि टाळ्याही तिलाच पडतात. माझ्या तारा चारच, पण जाड. गाण्याच्या तळाशी जो खोल घुमारा असतो, जो कानांच्या आधी छातीला कळतो, तो खर्ज माझा.

माझा जन्म कोलकात्याच्या एका अरुंद गल्लीतला. तिथल्या कारागिराने शिवणीच्या लाकडातून माझे अंग कोरले, त्याला मधासारखा रंग दिला आणि लांब दांडी जोडली. दांडीच्या पोटात त्याने एक लोखंडी सळई घातली. ही सळई विसरू नका. पुढे तिच्यापायीच माझा जीव टांगणीला लागला. चार जाड तारा दांडीला एका बाजूने ओढतात, आत दडलेली सळई दुसऱ्या बाजूने. दोन्ही ओढी बरोबरीच्या असतात तोवरच दांडी सरळ राहते. मला निरोप देताना कारागीर बंगालीत काहीतरी पुटपुटला. ते मला कळले नाही, पण शिव्या नव्हत्या एवढे नक्की.

मुंबईच्या एका दुकानातून मला कमळाकर ओव्हाळ यांनी घरी आणले. ते भिवपुरीच्या पॉवरहाऊसमध्ये यंत्रांवर नोकरीला होते आणि तिथल्याच वसाहतीत राहत. वडिलांनी त्यांना सायकल घ्यायला धाडले होते; ते मला घेऊन परतले. घरात तीन दिवस अबोला होता. चौथ्या दिवशी कमळाकरांनी माझे बूड लाकडी पेटाऱ्यावर टेकवले आणि सर्वांत जाड तार छेडली. पेटारा घुमला.

“ऐका की, बाबा. आपल्या मशीनचाच आवाज हाय ना?”

खरेच होते ते. डोंगरावरून कोसळणारे पाणी ती अजस्र चक्रे फिरवू लागले की पॉवरहाऊसची फरशी जशी पायांखाली थरथरे, तसाच माझा स्वर. म्हाताऱ्यांनी कान देऊन ऐकले आणि एवढेच म्हटले, “सायकल ती सायकलच.” पण अबोला संपला.

मग माझी उमेदीची वर्षे आली. कमळाकरांची गायन पार्टी होती. भीमजयंती, बुद्धपौर्णिमा, लग्नाच्या हळदी. कर्जत-खालापुरातले गाव असे नसेल जिथे मी गेले नाही. माझा आवाज मोठा करणारा अँप्लिफायर काळा, चौकोनी आणि दोघांनी कण्हत उचलावा इतका जड होता. सगळे त्याला ‘ठोकळा’ म्हणत. लडकू नावाचा गडी आपल्या टेंपोतून ठोकळ्याला आणि आम्हा सर्वांना गावोगाव नेई. कौतुक गाणाऱ्याचे होई, ढोलकीवाल्याचे होई. माझे नाव कोणी घेत नसे, आणि मला त्याचे फारसे वाटतही नसे. थोडेसे वाटे.

एकदा खालापूरजवळच्या एका हळदीत माझी वायर तुटली. गाणे चालू, ढोलकी चालू, पण नाचणाऱ्यांचे पाय मात्र एकाएकी अडखळू लागले. काय बिघडले ते कुणालाच उमजेना. तेव्हा मांडवाच्या टोकाला बसलेला लडकू ओरडला, “कमळाकरभाऊ, गानं हाय, पन जोर कुटं गेला रं?” कमळाकरांनी खिशातली दुसरी वायर जोडली, मी घुमले, आणि पाय पुन्हा पडू लागले. मित्रांनो, त्या रात्री लडकूने मला जे प्रशस्तिपत्र दिले, तसे पुढे कुणी दिले नाही.

कमळाकर माझी निगा फार मनापासून राखत. वाजवून झाले की मऊ बनियनने प्रत्येक तार पुसत. वर्षातून दोनदा तारा काढून उकळत्या पाण्यात टाकत. त्याने त्यांच्यात साचलेला घाम आणि मळ सुटून आवाज पुन्हा कोरा होई. त्यांच्या पत्नी चंद्रभागाबाई यांनी त्यासाठी एक पातेले कायमचे वेगळे काढून दिले होते. “ही माझी सवत,” त्या शेजारणींना सांगत, “हिला आंघोळीलाबी आधणाचं पाणी लागतं.”

चंद्रभागाबाई कडावच्या एका नामांकित ढोलकीवाल्याच्या कन्या. जलशात चाळीस वर्षे वाजवलेल्या बापाचा त्यांना मोठा अभिमान, आणि तो असावाच. पण एका गोष्टीवरून नवराबायकोचे कधी जमले नाही.

“वाजवून झालं की ताण उतरवावा,” त्या म्हणत. “माझ्या बापानं ढोलकी कधी ताणलेली ठेवली नाय. वाद्याला ताणून ठेवणं म्हंजे माणसाला उभ्यानं निजवणं.”

“अगं, ढोलकीचं चामडं निराळं. हिला ताण हाय म्हणून ही सरळ हाय.”

“राहू द्या. मला नका शिकवू.”

हा वाद कधी मिटला नाही. कमळाकर होते तोवर माझ्या तारा मात्र सुरात राहिल्या.

नोकरी सोडल्यावर त्यांनी कर्जतच्या बाजारात दुकान काढले आणि पाटीवर नाव लिहिले, ‘चंद्रभागा वाद्यालय’. ढोलक्या, पेट्या, शाळांची लेझीम, कीबोर्ड, गिटारच्या तारा, सारे तिथे मिळे. दुकान रुळले, आणि नऊ वर्षांपूर्वी कमळाकर गेले.

दुकान चंद्रभागाबाईंनी हाती घेतले. मुलगा मिलिंद विक्री आणि रिसॉर्टांवरची स्पीकरची कामे पाहतो, पण हुकूम त्यांचा. त्या खुर्चीवर बसत नाहीत, ठोकळ्यावर बसतात. त्यावर त्यांनी उशी टाकली आहे, आणि तिथून त्यांचे लक्ष दारापासून मागच्या मोरीपर्यंत असते. मला त्यांनी काचेच्या कपाटात ठेवले. बाहेर स्वतःच्या अक्षरातली पाटी लावली, ‘हात लावू नये’. किल्ली कमरेला.

आता ऐका. दर वर्षी पावसाळा तोंडावर आला की एका सकाळी, दुकान उघडण्याआधी, त्या एकट्याच येत. मला मऊ फडक्याने पुसत. आणि हलक्या हाताने माझ्या तारा थोड्या सैल करत. पुढच्या वर्षी आणखी थोड्या. प्रेमानेच करत, हे मी शपथेवर सांगते. पण तारांची ओढ गेली आणि सळईची ओढ राहिली. माझी दांडी वर्षागणिक मागे वाकत गेली. काचेतून मी सुंदर दिसत होते. आतून मोडत चालले होते. कुणाला सांगणार? आम्हाला वाजवल्याशिवाय बोलता येत नाही.

यंदाच्या उन्हाळ्यात पळसदरीच्या एका रिसॉर्टचा व्यवस्थापक धनेश स्पीकर न्यायला आला. मला पाहून तो थबकला.

“काकू, ही द्या ना आम्हाला. रिसेप्शनच्या मागं भिंतीवर लावतो. खाली काकांचं नावबी लिहू.”

“खिळ्याला टांगायला ती काय कॅलेंडर हाय?” चंद्रभागाबाई म्हणाल्या. “स्पीकर उचल आणि वाटेला लाग.”

धनेश हसत गेला. पण मिलिंदची मुलगी अपेक्षा हसली नाही. ती कॉलेजात शिकते आणि दुकानातल्या नव्या बासवर आपली आपणच वाजवायला शिकली आहे.

“आजी, एक विचारू? चिडायचं नाय.”

“चिडायचं का नाय ते मी ठरवीन. विचार.”

“त्यानं भिंतीवर ठोकली काय आणि तू काचेत ठेवलीस काय, तिच्यासाठी काय वेगळं गं?”

चंद्रभागाबाई दिवसभर गिऱ्हाइकांवर खेकसत राहिल्या. दुसऱ्या सकाळी त्यांनी किल्ली काउंटरवर ठेवली.

“बुद्धपौर्णिमेला आठ दिवस हायेत. कडावला गायन पार्टीत तुला वाजवायचंय ना? तोवर हिचा सूर लागला तर ही वाजव. नाय लागला तर ही परत आत जाईल, आणि मग जन्मात किल्ली मागायची नाय. मिलिंद, तुलाबी सांगते.”

नऊ वर्षांनी मला वारा लागला. अपेक्षाने तारांवर बोट फिरवले. “बापरे, किती ढिल्या झाल्यात!”

“नऊ वर्षं पडून हाय,” मिलिंद म्हणाला. “आपोआप उतरल्या असतील.”

ठोकळ्यावर चंद्रभागाबाईंनी उशी सारखी केली.

मिलिंदने गंजक्या तारा काढून नव्या चढवल्या. सूर लावू पाहिला, पण तार दांडीवरच्या पट्ट्यांवर आपटून नुसती खणखणे. माझा खर्ज गेला होता. उरला होता डबा वाजवल्यासारखा आवाज. ऐकून माझी मलाच लाज वाटली. शेवटी मिलिंदने खोपोलीच्या सहदेव मिस्त्रींना फोन लावला आणि सर्वांना ऐकू येईल असा काउंटरवर ठेवला.

“इतकी वर्षं तारा चढवलेल्याच होत्या ना?” मिस्त्रींनी विचारले.

“हो. आम्ही हातच लावला नाय.”

“मग तारांनी दांडी पुढं ओढली असणार. सळई आवळ. पाना लाव, अर्धा फेरा दे.”

मी चंद्रभागाबाईंकडे पाहिले. त्यांची नजर समोरच्या लेझीमांवर होती. मित्रांनो, गावात, नात्यात, बाजारात ज्यांचा शब्द कधी खाली पडला नाही, त्यांना काय जड जात असेल ते मला कळत होते. मीही मानी आहे. पण चुकीच्या बाजूला दिलेला तो अर्धा फेरा माझा शेवट होता.

मिलिंदने पाना बसवला आणि जोर दिला. माझ्या आत ‘कट्’ असे वाजले.

“थांब!”

चंद्रभागाबाई उभ्या राहिल्या होत्या.

“तारा आपोआप नाय उतरल्या. मी उतरवल्या. दर वर्षाला. तुम्हा कुणाला सांगितलं नाय.”

मिलिंदने पाना सोडला. फोनमधून मिस्त्री म्हणाले, “कोण बोलतंय?”

“मालकीण बोलतेय. आता काय करायचं ते सांगा.”

“नशीब बोललात, काकू! आणखी जरा फिरवलं असतं तर दांडीच गेली असती. मिलिंद, उलटं फिरव. सळई पार सैल कर, तारा पुऱ्या सुरात चढव, आणि सहा दिवस ठेव. आता तारांचा ताणच तिला सरळ करील. झाली तर झाली.”

फोन बंद झाला. अपेक्षा आजीजवळ गेली. चंद्रभागाबाई हळू आवाजात म्हणाल्या, पण मला स्पष्ट ऐकू आले:

“हे सांगत होते मला. ताण हाय म्हणून ती सरळ हाय, म्हणायचे. त्यांचं खरं होतं.”

मग पुढचे सहा दिवस. रोज सकाळी मिलिंद मला डोळ्यासमोर धरून दांडी निरखी आणि ठोकळ्यावरून प्रश्न येई, “किती?” तो म्हणे, “अजून जराशी हाय.” दांडी सरळ होताना दुखते, हे तुम्हाला कोणी सांगणार नाही. पाचव्या दिवशीही पहिल्या दोन पट्ट्यांवर खणखण होती. सहाव्या दिवशी अपेक्षाने माझे बूड काउंटरवर टेकवून सर्वांत जाड तार छेडली, आणि काउंटरवरचा चहाचा कप बशीत थरथरला. मिलिंदने कप धरला.

“आजी, ऊठ आता,” अपेक्षा म्हणाली.

“कशाला?”

“तुझी खुर्ची पायजे. ठोकळ्याशिवाय हिचा आवाज कडावला कसा पोचणार?”

“मग मी कशावर बसू?”

“लोकांसारखी खुर्चीवर!”

चंद्रभागाबाईंनी उशी उचलली आणि उठल्या. त्यांना असे कोणाच्या सांगण्यावरून उठताना मी प्रथमच पाहिले. मिलिंदने दोन दिवस बसून ठोकळ्याच्या आतल्या वायरींचे सुटलेले टाके पुन्हा जोडले. त्यालाही कंठ फुटला.

पौर्णिमेच्या संध्याकाळी कडावच्या विहारापुढे अपेक्षाने मला गळ्यात घेतले. पहिल्या गाण्याला तिची बोटे थोडी घाबरली, दुसऱ्याला नाही. मी पुन्हा जमिनीतून लोकांच्या पायांत चढले. पुढच्या रांगेत काठी धरून बसलेल्या एका म्हाताऱ्याने मान वर केली. तो लडकू होता. शेजारच्याला कोपराने ढोसून म्हणाला, “वळखलास का रं? कमळाकरभाऊचा जोर हाय ह्यो!”

चंद्रभागाबाई खुर्चीवर ताठ बसल्या होत्या. त्यांनी डोळे पुसले नाहीत; पदराने चष्मा तेवढा पुसला.

घरी परतल्यावर त्यांनी मला मऊ फडक्याने पुसले. सवयीने त्यांचा हात माझ्या खुंट्यांकडे गेला, आणि थांबला. मग, साऱ्या आयुष्यात कधी न केलेली गोष्ट त्यांनी केली. अंगठ्याने माझी जाड तार एकदाच छेडली, आणि ती विरेपर्यंत ऐकत राहिल्या.

मित्रांनो, थोरल्या बाईचे एवढे ऐका. तुमच्या घरात एखादे वाद्य असेल तर त्याची काळजी घ्या. पण काळजी घ्यायची म्हणून त्याला कपाटात कोंडू नका. त्याला काय हवे, ते त्याच्या जाणकाराला विचारा. आणि तुमचे चुकले असेल, तर पाना फिरण्याआधी सांगा.

आता मी दुकानात ठोकळ्याच्या बाजूला, उघड्या स्टँडवर उभी असते. काचेचे कपाट लेझीमांना दिले आहे. माझ्याजवळ नवी पाटी आहे, अक्षर तेच:

‘हात लावावा. आधी हात धुवावेत. वाजवून झाल्यावर पुसावी. तारा सोडू नयेत.’

शेवटची ओळ त्यांनी दोनदा गिरवली आहे.