दोन बोटं सैल

मित्रांनो, मी एक जुनी टेप आहे. गाणी वाजवणारी नव्हे हं, ती आमच्या नात्यातली नाही! मी कपडे शिवणाऱ्यांच्या गळ्यात असते ती. पिवळी, एका अंगाला इंच, दुसऱ्या अंगाला सेंटीमीटर, आणि दोन्ही टोकांना पत्र्याच्या टोप्या. त्यातली एक टोपी आता गेलीय, आणि सुरुवातीचे आकडे अंगठ्याने घासून घासून पुसले गेलेत, पण म्हणून मला म्हातारी समजू नका. मला इतकं काही सांगायचंय की कुठून सुरुवात करू तेच कळत नाहीये, आणि मध्येच कुणी मला गुंडाळून ठेवलं तर सगळं राहूनच जायचं!

तर, जन्म कारखान्यात. सुती पट्टी, तिच्यावर पिवळा थर, मग एक रूळ अंगावरून गडगडत गेला आणि आकडे उमटले, गुदगुल्या झाल्या नुसत्या. तिथून मी आले ती मावशींच्या दुकानात. मावशी खरं तर कुणाच्याच मावशी नाहीत, पण गिऱ्हाईक, पोस्टमन, वरच्या मजल्यावरचे आजोबा, सगळे त्यांना मावशीच म्हणतात. दुकान म्हणजे दोन शिलाई मशीन, एक कापायचं टेबल, इस्त्री, आणि कोपऱ्यात पडदा लावून केलेली कपडे घालून बघायची जागा. टेबलाच्या कडेला एक लोखंडी पट्टी ठोकलेली आहे. ती ना हसते, ना वाकते, ना कुणाशी बोलते. तिला लक्षात ठेवा, पुढे येणारे ती.

मावशींनी मला ताईच्या गळ्यात घातलं. ताई म्हणजे त्यांच्याकडे काम करणारी, माझी ताई! पहिल्याच दिवशी मावशींनी तिला शिकवलं, ‘‘माप घेताना टेपच्या आत दोन बोटं ठेवायची. माणूस श्वास घेतं, जेवतं, हसतं. आवळून माप घेतलंस तर कपडा होईल, पण घालणारा गुदमरेल.’’ ताईने ते इतकं मनावर घेतलं की गिऱ्हाइकांना तिच्या हाताचं माप कधी टोचलंच नाही.

मावशींची आणखी एक कला होती. एखादी बाई माप द्यायला उभी राहिली की मावशी नुसत्या बघायच्या, आणि ती गेल्यावर ताईला म्हणायच्या, ‘‘हिच्या ड्रेसमध्ये आत माया जास्त सोड.’’ माया म्हणजे शिलाईच्या आत सोडलेलं जादा कापड, पुढे उसवून कपडा मोठा करता यावा म्हणून. ताई विचारायची, ‘‘का हो?’’ मावशी म्हणायच्या, ‘‘कंबर वाढलीय आणि चेहरा उतरलाय. दोन्ही एकदम होतं ते एकाच कारणाने.’’ आणि खरंच, दोन महिन्यांनी ती बाई पोट घेऊन हसत हसत दारात! ताई ते कपडे उसवायची, मोठे करायची, तोंडभरून अभिनंदन करायची. मी मात्र तिच्या गळ्यात असायचे ना, मला तिचा आवंढा कळायचा.

कारण ताईला स्वतःलाच बाळ हवं होतं. लग्नाला बरीच वर्षं झाली होती. पाळी यायची ती मनाला येईल तेव्हा, कधी दोन महिन्यांनी, कधी चार. वजन वाढत चाललेलं. हनुवटीवर राठ केस यायचे, ते ती दुकानात यायच्या आधी उपटून यायची. आणि मानेवर, अगदी मी बसते तिथेच, काळसर मखमलीसारखा पट्टा. तो झाकायला ती सगळ्या शर्टांना उंच कॉलर लावायची. रोज दगडाने मान घासायची, आणि मग माझी कड लागली की ‘स्स’ करायची. मला इतकं वाईट वाटायचं! पण मी हलणार कशी?

एकदा तिची जाऊबाई पँट आखूड करून घ्यायला आली. आली ती आली, आणि म्हणते कशी, ‘‘अगं, मान जरा नीट घासत जा. आणि जगाची मापं घेतेस, एकदा स्वतःचं पण घे की!’’

ताई हसली. ती नेहमी हसायचीच. पण मावशींनी मशीन थांबवलं आणि म्हणाल्या, ‘‘तिची मान तिच्या खांद्यावर आहे बाई, तुझ्या नाही. तुझी पँट आखूड करायचीय ना? की जीभ?’’

जाऊबाई पँट टाकून चालती झाली! पण घाव बसायचा तो बसलाच. त्याच आठवड्यात ताई नवऱ्याला घेऊन डॉक्टरांकडे गेली. आणि गंमत बघा, गळ्यातून मला काढायचंच विसरली, म्हणून तर मला सगळं ऐकायला मिळालं!

डॉक्टर बाईच होत्या. त्यांनी तपासलं, सोनोग्राफी केली, रक्त घेतलं, परिचारिकेकडून वजन आणि कंबर लिहून घेतली, आणि म्हणाल्या, ‘‘याला पीसीओएस म्हणतात. खूप जणींना असतं. अंडं वेळेवर तयार होऊन बाहेर पडत नाही, म्हणून पाळी लांबते. वजन पटकन चढतं आणि उतरताना रडवतं. ही मानेवरची झाक आहे ना, ती मळाची नाही. शरीरात इन्सुलिन नीट काम करत नाही, त्याची ती खूण. घासू नका हो, सोलवटलीय किती!’’

ताईने मानेवर हात नेला. म्हणजे माझ्यावरच. ‘‘मग बाळ होणारच नाही का?’’

‘‘असं कुणी सांगितलं? थोडं वजन, थोडी कंबर उतरली तरी पुष्कळ जणींची पाळी रुळावर येते. नाहीच आली तर गोळ्या आहेत. पण उपाशी राहायचं नाही. आणि हा आजार तुमच्या आळसाने झालेला नाही, एवढं घरी जाऊन सगळ्यांना सांगा.’’

मग काय विचारता! ताईचा नवरा लिफ्ट दुरुस्त करतो. जन्मभर लोकांचे जिने वाचवले त्या माणसाने, आणि आता रोज संध्याकाळी बायकोबरोबर जिने चढायला लागला. ‘‘कुणी बघितलं तर माझा धंदा बसेल,’’ असं म्हणत धापा टाकायचा. आणि सासूबाई! तोंडाने सुई आणि हाताने कापूस, अशा त्या. ‘‘बिनसाखरेचा चहा म्हणजे शिक्षाच आहे,’’ असं म्हणाल्या आणि दुसऱ्या दिवसापासून स्वतःच्या कपातही साखर घालेनाशा झाल्या. ताई हे सगळं दुकानात सांगायची, आणि मावशी हसून हसून सुईत दोरा ओवायचं विसरायच्या.

आणि दर आठवड्याला ताई पडद्यामागे जायची, मला कमरेभोवती घ्यायची. पहिल्या दिवशी जिथे टोक पोचलं तिथे तिने पेनाने निळा ठिपका दिला. पुढच्या आठवड्यात टोक त्या ठिपक्याच्या अलीकडे यायला हवं, एवढंच तिचं देवाकडे मागणं. पण मित्रांनो, जगाला दोन बोटं सैल सोडणारी माझी ताई स्वतःचं माप घेताना एक दोराही जाणार नाही इतकं मला आवळायची. श्वास रोखायची, ओढायची, अजून ओढायची. माझे दोरे आतून कुरकुरायचे. पण टोक अलीकडे यायचं, आणि पडद्यामागून ती अशी खुलून बाहेर यायची की मी म्हणायचे, ओढ बाई, ओढ!

ठिपक्यामागे ठिपके पडत गेले. बऱ्याच महिन्यांनी ती पुन्हा डॉक्टरांकडे गेली तेव्हा मला मुद्दाम गळ्यात घालून गेली, पुरावा म्हणून! परिचारिकेला ठिपके दाखवत म्हणाली, ‘‘बघा, तीन इंच!’’

परिचारिकेने स्वतःची टेप काढली. कंबर मोजली. परत मोजली. ‘‘ताई, एकच इंच उतरलीय.’’

‘‘असं कसं? परत बघा ना.’’

‘‘तिसऱ्यांदा बघू का? आमची टेप नवी आहे हो.’’

डॉक्टर म्हणाल्या, एक इंचही छान आहे. म्हणाल्या, साखरेचा रिपोर्ट सुधारलाय, गेल्या दोन पाळ्याही जवळजवळ वेळेवर आल्यात, चाललंय ते चालू द्या. पण ताईच्या कानात फक्त ‘एकच’ शिरलं होतं. ती दुकानात आली, आणि मला त्या लोखंडी पट्टीवर आडवं टाकलं.

तुम्हीच ओळखा काय झालं असेल! माझा इंच पट्टीच्या इंचापेक्षा लांब. पुढे पुढे तर मी पट्टीला सोडूनच गेले. मी ताणले गेले होते. दुकानात कुणाला कळलं नाही, कारण अंगही मीच मोजायचे आणि कापडही मीच, दोन्हीकडे सारखीच चूक, म्हणून कपडे बरोबर बसायचे. ताईच्या कमरेला मात्र मी दर आठवड्याला थोडं थोडं कमी म्हणत गेले.

ताई टेबलावर डोकं टेकून रडली. ‘‘टेपसुद्धा माझी कीव करते, मावशी.’’

मावशींनी मला हातात घेतलं, ओढून बघितलं. ‘‘टेपला कशाला बोल लावतेस? तिला ओढलं कुणी? दोन बोटं ठेव म्हटलं होतं ना मी? ते काय फक्त गिऱ्हाइकांसाठी होतं?’’ मग आवाज उतरवून म्हणाल्या, ‘‘पाळी आली ना वेळेवर? ती काही टेपने मोजलेली नाही ना? मग चाल पुढे.’’

त्या दिवसापासून माझं दुकानातलं पद गेलं. नवी टेप आली, चकचकीत, नाकात बोलणारी. मला चिंध्यांचं गाठोडं बांधायला ठेवलं. गाठ बसली माझ्या बरोब्बर मधोमध. धूळ काय, खडूची भुकटी काय, विचारू नका. पण त्या कोपऱ्यातून मला ताई दिसायची. ती आता दर आठवड्याला पडद्यामागे जायची नाही. जिने मात्र चढायची. एक दिवस तर ती उंच कॉलर उसवून साधा गोल गळा घालून आली! मान अजून काळसरच होती, पण सोलवटलेली नव्हती. तिथे मी नव्हते, एवढंच माझं दुःख.

आणि मग तो दिवस. दुपारी दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. ताईला स्कर्टचं बटण लागेना. तिने नवी टेप कमरेला लावली, आणि चेहरा असा पडला! परत लावली. मग गाठोड्यापाशी आली, दातांनी माझी गाठ सोडवली, आणि मला म्हणाली, ‘‘तू तरी बरं बोल गं.’’

मित्रांनो, मला खोटं बोलायचं होतं! शप्पथ सांगते, अंगातला प्रत्येक दोरा लांबवायला मी तयार होते. तिने श्वास रोखला, मला आवळलं, ओढलं. आणि टोक शेवटच्या ठिपक्याच्या पलीकडे गेलं. त्याच्या आधीच्या ठिपक्याच्याही पलीकडे.

ती मटकन स्टुलावर बसली. ‘‘सगळं पाण्यात गेलं, मावशी. पाळी पण परत लांबलीय. ये रे माझ्या मागल्या! नवी टेप वाढलं म्हणते, जुनी पण तेच.’’

मावशी काज करत होत्या. त्यांनी मान वर केली. ‘‘काय म्हणालीस? जुनी टेप पण वाढलं म्हणते?’’

‘‘हो. बघा ना, ओढून ओढून...’’

‘‘ओढू नकोस!’’ मावशी इतक्या मोठ्याने ओरडल्या की सुई खाली पडली. ‘‘सोड. आधी सोड ती.’’ त्या उठून आल्या, ताईचा चेहरा उजेडाकडे वळवला. ‘‘ताणलेली टेप कमी दाखवते, पोरी. जास्त कधीच दाखवत नाही. ही जर वाढलं म्हणत असेल, तर वाढलंयच. आणि चेहरा किती उतरलाय तुझा. सकाळी डबा का नाही उघडलास?’’

‘‘वास नको वाटला.’’

ताईला पाळी लांबण्याची इतकी सवय होती ना, की तो विचार तिच्या मनाला शिवलाच नव्हता. मावशींनी नुसती तिची पिशवी उचलून तिच्या हातात दिली. ‘‘डॉक्टरांकडे जा. नवऱ्याला फोन कर. आणि आज दवाखान्याचा जिना नको, लिफ्टने जा, त्याच्याच हातची आहे.’’

ताई परत आली तेव्हा दिवे लागले होते. डोळे लाल. मी म्हटलं, मेले, आता काय झालं! ताईने निळं कापड टेबलावर पसरलं, स्वतःच्या ड्रेससाठी आणून ठेवलेलं. खडूने रेघ मारली. मग त्या रेघेच्या बाहेर, बरंच बाहेर, दुसरी रेघ मारली.

मावशी चष्म्यावरून बघत होत्या. ‘‘एवढी माया आत?’’

‘‘डॉक्टर म्हणाल्या, अजून फार लवकर आहे, जपायला हवं,’’ ताई म्हणाली. ‘‘पण असू दे. लागेल.’’

मावशींनी चष्मा काढून पुसला, आणि मशीन इतक्या जोरात चालवलं की त्यांच्या हातातल्या शर्टाची बाही वाकडीच शिवली गेली!

आता मी पुन्हा ताईच्या गळ्यात आहे. माप घ्यायला नाही हो, ते काम नव्या टेपचं. ताई म्हणते, ‘‘ही नसली की मान मोकळी मोकळी वाटते,’’ म्हणून. आणि डॉक्टरांकडे जाताना ती मला अजूनही काढायला विसरते.

तर मित्रांनो, तुमच्या घरी माझी एखादी बहीण असेल, तर तिला ओढाताणीला वापरू नका, गाठी मारू नका, काम झालं की सैल गुंडाळून ठेवा. आणि कुणाच्याही कमरेभोवती धरायची वेळ आली, अगदी स्वतःच्या सुद्धा, तर आत दोन बोटं ठेवा. माणूस श्वास घेतं ना. कधी कधी तर दोघांचा घेतं.